राखणदाराचा लगाम

प्राणिशास्त्राच्या वर्गात रक्ताचा धडा निघाला की एखादा विद्यार्थी हमखास उभा राहतो आणि विचारतो, "सर, प्रतिकारशक्ती वाढवायला काय खायचं?" २०२० च्या आधी हा प्रश्न क्वचित यायचा, कोरोनाच्या साथीनंतर तो न चुकता येतो. यात त्या पोराचा काही दोष नाही. संध्याकाळी बाजारातून एक चक्कर मारून पाहा. काढा, चूर्ण, अवलेह, गोळ्या, चहाची पूड, इतकेच काय पण बिस्किटाचा पुडासुद्धा "प्रतिकारशक्ती वाढवा" असे ओरडून सांगत असतो. चहूकडून एवढा ओरडा चालू असताना हा प्रश्न पडणारच.

काही वर्षे मी या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर देत असे. पालेभाज्या खा, वेळेवर झोपा, तंबाखूच्या वाटेला जाऊ नका, वगैरे. उत्तर खोटे नव्हते. परंतु आता मला असे वाटू लागले आहे, की शिक्षकाने येथे थोडे परखड व्हावे आणि सांगावे, "बाबा रे, तुझा प्रश्नच चुकला आहे." शरीराची राखण करणाऱ्या पेशींच्या बाबतीत शक्ती किती, एवढेच विचारून भागत नाही. त्यांनी कुणावर धावून जायचे, कुणाला सोडायचे आणि केव्हा थांबायचे, हे त्याहून महत्त्वाचे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ही गोष्ट सर्वांत स्पष्टपणे कळली ती कातडीच्या एका कर्करोगामुळे. त्याचे नाव मेलानोमा. हा रोग माझ्याच माणसात येऊन गेला नसता, तर मीही कदाचित हा लेख लिहिण्याच्या भानगडीत पडलो नसतो.

माझे मामा खानापूर तालुक्यातले. चार एकर भाताची जमीन. पावसाळाभर पाय चिखलात आणि उन्हाळाभर तापलेल्या बांधावर. वहाणा घालायच्या त्या बाजाराला किंवा लग्नाला जाताना. एका वर्षी त्यांच्या डाव्या टाचेवर काळा डाग दिसू लागला. मामींनी विचारले तर म्हणाले, "कुरूप असंल. काटा मोडलाय." कुरूप म्हटल्यावर विषय संपला. कुणीतरी बिब्बा घालायला सांगितले, तोही घालून झाला. डाग हटला नाही. उलट पसरला, त्याच्या कडा वेड्यावाकड्या झाल्या आणि मधून पाणी येऊ लागले. मग जांघेत अवधाण आले. पायाला जखम झाली की अवधाण येते हे खेड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, म्हणून त्याचेही कुणाला नवल वाटले नाही. याच सुमारास एका जाणत्या म्हणवणाऱ्याने सांगितले, की अंगातली शक्ती कमी झाली म्हणून जखम भरत नाही. झाले! शक्ती वाढवणाऱ्या चूर्णाचे डबे घरात आले. तीन महिने त्यात गेले. शेवटी बेळगावला आणून तुकडा तपासला, तेव्हा रोग यकृतापर्यंत पोहोचलेला होता. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "नुसता डाग होता तेव्हा आणायला हवं होतं." पुढे मामा सात महिने होते.

मी इतकी वर्षे मुलांना पेशींच्या आकृत्या काढायला शिकवतो आहे. दर दिवाळीला मामांच्या पाया पडतो आहे. पण त्यांच्या टाचेकडे कधी पाहिले नाही. ही टोचणी मनात ठेवूनच पुढचे लिहितो.

त्या अवधाणापासूनच सुरुवात करू. पायाला जखम झाली तर जांघेत गाठ का यावी? आपल्या आजीला हे माहीत होते, पण का, ते माहीत नव्हते. ते 'का' उलगडायला शंभरावर वर्षे लागली, आणि त्याची सुरुवात एका विद्यार्थ्याने केली. १८६८ साली बर्लिनमध्ये पाउल लांगरहान्स हा एकवीस वर्षांचा वैद्यकीचा विद्यार्थी होता, म्हणजे आपल्या शेवटच्या वर्गातल्या मुलाएवढाच. त्याने माणसाच्या कातडीच्या तुकड्याला गोल्ड क्लोराइड लावले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. कातडीच्या वरच्या थरात, फांद्या पसरून बसलेल्या काळ्या पेशी त्याला दिसल्या. त्याला वाटले, या मज्जातंतूच्या पेशी असाव्यात. निरीक्षण बिनचूक, पण अर्थ मात्र चुकलेला. तरी आज त्या पेशींना त्याचेच नाव आहे. ज्याने नीट पाहिले त्याचे नाव राहिले, ही गोष्ट प्रयोगवहीत आकृती दुसऱ्याची उतरवून काढणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पुढे १९७३ मध्ये राल्फ स्टाइनमन यांना न्यूयॉर्कमध्ये उंदराच्या प्लीहेत तशाच फांद्यांच्या पेशी सापडल्या, आणि हळूहळू उलगडा झाला, की या पेशी पहाऱ्यावरच्या आहेत. कातडीत काही परके शिरले, किंवा तिथली एखादी पेशी विकृत झाली, तर या पहारेकरी पेशी त्याचा तुकडा उचलतात, लसिकावाहिनीच्या वाटेने जवळच्या लसिकाग्रंथीत जातात आणि तिथे जमलेल्या टी-पेशींना तो दाखवतात. चावडीवर येऊन वर्दी द्यावी तसेच हे. ज्या टी-पेशीला त्या तुकड्याची ओळख पटते, ती भराभर वाढते, एकीच्या हजारो होतात, गाठ फुगते. हेच ते अवधाण. मग त्या टी-पेशी रक्तातून परत जखमेकडे जातात आणि ओळख पटलेल्याला ठार करतात. मामांची गाठ मात्र या कामाची नव्हती. ज्या वाटेने वर्दी जाते त्याच वाटेने शत्रूही आला होता आणि चावडीतच ठाण मांडून बसला होता. बाहेरून दोन्ही गाठी सारख्याच दिसतात.

आता कुणी म्हणेल, कर्करोग तर आपल्याच पेशींचा. राखणदाराला तो परका कसा वाटावा? मेलानोमा होतो तो कातडीला रंग देणाऱ्या रंगपेशींचा. गोऱ्या कातडीच्या माणसांत कडक उन्हातल्या अतिनील किरणांनी या पेशींच्या गुणसूत्रांत असंख्य चुका होतात. जनुकात चूक झाली की प्रथिनाचा आकार बदलतो, आणि बदललेले प्रथिन टी-पेशीला परके वाटते. मेलानोमात अशा चुका इतर बहुतेक कर्करोगांपेक्षा जास्त असतात. म्हणूनच या विषयाचा अभ्यास फुफ्फुसापेक्षा किंवा पोटापेक्षा कातडीच्या या रोगात आधी फळाला आला. टी-पेशी ओळखू शकतात अशी माणसाच्या कर्करोगावरची पहिली खूण १९९१ मध्ये ब्रसेल्सच्या थिअरी बून यांच्या गटाने शोधली, तीही मेलानोमाच्या पेशींवरच.

राखणदार खरोखर राखण करतात याचा याहून ठसठशीत पुरावा मूत्रपिंडाच्या रोपणातून मिळतो. दुसऱ्याचे मूत्रपिंड शरीराने फेकून देऊ नये म्हणून रोग्याची प्रतिकारयंत्रणा औषधाने दाबावी लागते. अशा रोग्यांना कातडीचे कर्करोग इतरांपेक्षा अनेक पटींनी अधिक होतात. २००३ साली स्कॉटलंडमधील डॉक्टरांनी एक विलक्षण हकिगत प्रसिद्ध केली. एका मृत व्यक्तीची दोन मूत्रपिंडे दोघांना बसवली होती. पुढे त्या दोघांनाही मेलानोमा झाला. शोध घेता कळले, की मूत्रपिंड देणाऱ्या व्यक्तीची सोळा वर्षांपूर्वी मेलानोमाची शस्त्रक्रिया झाली होती आणि ती बरी झाली असेच सर्व जण समजत होते. म्हणजे सोळा वर्षे त्या शरीरात काही चुकार पेशी दडून होत्या आणि राखणदारांनी त्यांना डोके वर काढू दिले नव्हते. राखण नसलेल्या शरीरात येताच त्या वाढल्या.

मग प्रश्न येतो, की राखणदार इतके तयारीचे असताना मेलानोमा होतोच कसा? येथे 'शक्ती कमी पडली' हे आपले आवडते उत्तर पुढे येते, आणि वैद्यकशास्त्रानेही जवळजवळ शंभर वर्षे याच उत्तराचा पाठलाग केला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. न्यूयॉर्कचे शल्यवैद्य विल्यम कोली यांनी १८९१ पासून रोग्यांना जंतूंचे, पुढे जंतूंच्या विषाचे इंजेक्शन देऊन शरीराला चेतवण्याचे प्रयोग केले. काही गाठी विरघळल्या. पण कुणाच्या विरघळतील आणि कुणाच्या नाहीत याचा नेम नव्हता. १९८० नंतर अमेरिकेतल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी टी-पेशींना वाढवणारे इंटरल्यूकिन-२ हे द्रव्य मोठ्या मात्रेत दिले. मोजके रोगी कायमचे बरे झाले, हे खरेच मोठे यश होते. पण बहुसंख्यांना गुण आला नाही, आणि औषध सोसणे फार कठीण होते.

कोडे सुटले ते निराळ्या बाजूने. टी-पेशीवर सीटीएलए-४ नावाचा एक रेणू असतो. तो १९८७ साली फ्रान्समध्ये सापडला. आरंभी काहींना वाटले, की हा टी-पेशीला चेतवणारा असावा. बर्कली येथे जेम्स ॲलिसन आणि शिकागोत जेफ्री ब्लूस्टोन यांच्या गटांनी दाखवले, की तो उलट काम करतो: टी-पेशी धावू लागली की लगाम खेचतो. या लगामाचा उपयोग करून स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या टी-पेशींना आवरावे, असा विचार इतरांनी केला. ॲलिसन यांच्या मनात उलटा विचार आला. कर्करोगापुढे उभ्या असलेल्या टी-पेशीचा लगामच सैल केला तर? त्यांनी लगामाला अडवणारे प्रतिपिंड उंदरांना दिले आणि उंदरांच्या गाठी नाहीशा झाल्या. हे १९९६ साली प्रसिद्ध झाले. तिकडे जपानमध्ये क्योतो येथे तासुकु होंजो हे पेशी मरतात कशा याचा शोध घेत असताना त्यांना १९९२ मध्ये पीडी-१ हा रेणू सापडला. पुढे कळले, की हा दुसरा लगाम. आणि कर्करोगाची लबाडी अशी, की कित्येक गाठींच्या पेशी आपल्या अंगावर या लगामाला खेचणारा हातच उगवून ठेवतात. टी-पेशी गाठीपर्यंत येते, ओळखते, हात उगारते, आणि तिथेच थिजते.

याखेरीज शरीरात शांतता राखणाऱ्या, इतर टी-पेशींना आवर घालणाऱ्या वेगळ्या टी-पेशीही असतात. त्या १९९५ साली शिमोन साकागुची यांनी दाखवून दिल्या. २०२५ चे वैद्यकाचे नोबेल त्यांना मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह मिळाले ते याच कामासाठी. गाठी या शांतिरक्षकांनाही आपल्याभोवती गोळा करतात. थोडक्यात, गाठीच्या आत राखणदार उपाशी किंवा दुबळा म्हणून पडून राहिलेला नसतो. तिथे त्याला बांधून ठेवलेले असते.

बांधलेल्या राखणदाराला च्यवनप्राश खाऊ घालून काय होणार? दोरी सोडावी लागते. सीटीएलए-४ ला अडवणाऱ्या इपिलिमुमॅब या औषधाला अमेरिकेत २०११ साली मान्यता मिळाली, पीडी-१ ला अडवणाऱ्या पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब यांना २०१४ साली. ॲलिसन आणि होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. परिणाम काय झाला, तो आकड्यांतच पाहावा. त्याआधी शरीरभर पसरलेला मेलानोमा म्हणजे बहुतेकांना वर्ष काढणेही कठीण. २०२४ साली एका मोठ्या चाचणीचे दहा वर्षांचे हिशेब प्रसिद्ध झाले. दोन्ही लगाम सोडलेल्या रोग्यांपैकी शंभरात ४३ जण दहा वर्षांनंतर हयात होते. फक्त निव्होलुमॅब दिलेल्यांपैकी ३७, आणि फक्त इपिलिमुमॅब दिलेल्यांपैकी १९. बाकीच्यांचे काय, हा प्रश्न उरतोच, आणि तो झाकून ठेवणे बरोबर नाही. निम्म्याहून अधिकांना या उपचाराने दहा वर्षे दिली नाहीत. तळवा आणि तळहात यांच्यावर येणारा मेलानोमा, जो मामांना झाला, तो उन्हामुळे होत नाही, त्याच्या जनुकांत चुका कमी असतात, आणि त्यावर ही औषधे तुलनेने कमी चालतात.

येथे माझे एक सहकारी नेहमी आक्षेप घेतात. "अहो, लगाम सोडणे म्हणजे शक्ती वाढवणेच की! शब्दांचा कीस कशाला काढता?" कीस काढण्याचे कारण आहे. दोन्ही लगाम सोडलेल्या त्या रोग्यांपैकी शंभरात सुमारे ५९ जणांना औषधाचा गंभीर त्रास झाला. सुटलेला राखणदार घरच्यांवरही धावतो: कधी आतड्यावर, कधी यकृतावर, कधी थायरॉइडवर, क्वचित हृदयावर. डॉक्टरांना मग स्टेरॉइड देऊन तोच लगाम पुन्हा ओढावा लागतो. आणि नुसती शक्ती वाढवली तर काय होते, तेही जगाने पाहिले आहे. २००६ च्या मार्च महिन्यात लंडनमध्ये सहा निरोगी तरुणांना टीजीएन-१४१२ नावाचे नवे प्रतिपिंड अत्यल्प मात्रेत देण्यात आले. टी-पेशींना लगामाची पर्वा न करता चेतवणारे ते औषध होते. काही तासांतच सहाही जण अत्यवस्थ झाले आणि त्यांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले. सहाही वाचले, हे नशीब. तेव्हा बाजारातली डबी खरोखरच, तिच्यावर लिहिल्याप्रमाणे, सर्व टी-पेशी सरसकट चेतवू लागली, तर ती औषधाच्या दुकानात कुलपात ठेवावी लागेल. ती उघड्यावर विकली जाते याचा अर्थ ती तसे काही करत नाही.

"करत नसेल, पण अपाय तरी काय?" हा पुढचा आक्षेप. सकस अन्न, झोप, व्यायाम यांना माझा विरोध असण्याचे कारणच नाही. आणि एखाद्याला सकाळी काढा घेऊन बरे वाटत असेल तर त्याने तो खुशाल घ्यावा. अपाय काढ्यात नसतो, तो वेळेत असतो. मामांचे तीन महिने मी वर लिहिले आहेत. 'शक्ती कमी झाली' या उत्तराने माणसाचे समाधान होते आणि तो तपासायचा थांबतो, हा त्या शब्दातला खरा धोका आहे.

आता मला जे सर्वांत अगत्याने सांगायचे आहे त्याकडे येतो. मेलानोमाच्या काही रोग्यांच्या अंगावर या उपचारात पांढरे डाग उमटतात. आपण ज्याला कोड म्हणतो आणि आपल्या कन्नड विभागातले मित्र ज्याला 'तोन्नु' म्हणतात, अगदी तसेच. कारण उघड आहे. मेलानोमा हा रंगपेशींचा रोग. सुटलेल्या टी-पेशी कर्करोगी रंगपेशींना मारता मारता त्यांच्यासारख्याच दिसणाऱ्या निरोगी रंगपेशींनाही मारतात. हे डाग दिसले की डॉक्टर चिंतेत पडत नाहीत; कारण ज्यांना असे डाग येतात ते रोगी अधिक काळ जगतात, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. इतकेच नव्हे, तर ज्यांना मुळातच कोड आहे त्यांना मेलानोमा होण्याचे प्रमाण कमी आढळते. एकाच टी-पेशीची एक करणी आपण जीवदान म्हणून पाहतो, आणि दुसरी करणी कलंक म्हणून.

त्या कलंकाचे आपण काय करतो, हे मी वेगळे सांगायला नको. माझ्या वर्गात एक हुशार मुलगी होती. ऐन मे महिन्यात प्रात्यक्षिकाला ती लांब बाह्यांचा झगा घालून येई आणि हातमोजे काढायला तयार नसे. तिच्या मनगटावर पांढरे डाग होते. तिच्या शेजारच्या टेबलावरचे दोघे, दोन वर्षे जीवशास्त्र शिकलेले, तिची परीक्षानळी घ्यायला कचरत. पुढे तिच्या थोरल्या बहिणीचे ठरलेले लग्न मोडले. बहिणीच्या अंगावर डाग नव्हता. घरात आहे एवढेच कारण पुरले. कोड शिवल्याने लागत नाही. तो महारोग नव्हे. मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने तो होत नाही, आणि गेल्या जन्मीचे पाप तर कुणाच्याही टी-पेशीला वाचता येत नाही. जगात दर दोनशे माणसांमागे निदान एकाला तो असतो, म्हणजे आपल्या महाविद्यालयातही काहींना असणारच. २०२२ साली अमेरिकेत कोडावर रुक्सोलिटिनिब या मलमाला मान्यता मिळाली. ते टी-पेशींच्या निरोपात अडथळा आणते, म्हणजे लगाम सोडण्याऐवजी ओढते. एकाच ज्ञानाने एकाची गाठ विरते आणि दुसऱ्याचा रंग परत येतो. जे महाविद्यालय हे ज्ञान परीक्षेत दहा गुणांना विचारते, त्याच्या प्रयोगशाळेत एका मुलीला हातमोजे काढायची चोरी वाटावी, ही तिची नव्हे, आम्हा शिकवणाऱ्यांची नापासी आहे.

शेवटचा आक्षेप असा, की मेलानोमा हा गोऱ्यांचा रोग. ऑस्ट्रेलियात तो घरोघरी असेल. आपल्याकडे लाखात एकालाही होत नाही. मग आपण त्याची उठाठेव का करावी? रोग आपल्याकडे विरळा आहे हे खरे. पण मेलानोमात जो धडा मिळाला तो तिथेच थांबला नाही. तो फुफ्फुसाच्या, मूत्रपिंडाच्या, डोक्या-मानेच्या कर्करोगापर्यंत गेला. आणि तोंडाचा कर्करोग आपल्याकडे विरळा नाही, हे गुटख्याच्या पुड्यांनी रंगलेले कुठलेही बसस्थानक सांगेल. अडचण आहे ती किमतीची. पूर्ण मात्रेत ही औषधे घ्यायची तर मध्यमवर्गीय घरसुद्धा विकले जाईल. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी या अडचणीपुढे हात टेकले नाहीत. डोक्या-मानेच्या वाढलेल्या कर्करोगात, बेताच्या खर्चाच्या गोळ्यांच्या जोडीला त्यांनी निव्होलुमॅब फक्त २० मिलिग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा, देऊन पाहिले. नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसत्या गोळ्या घेतलेल्यांपैकी वर्षानंतर शंभरात सुमारे १६ जण हयात होते, आणि हे थोडेसे औषध जोडल्यावर ४३. पाठोपाठ, मुंबईची आयआयटी आणि टाटा रुग्णालय यांच्या कामातून रक्ताच्या कर्करोगासाठी रोग्याच्याच टी-पेशींना ओळख शिकवून परत सोडण्याची पहिली भारतीय पद्धती तयार झाली. तिला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. मेलानोमातही अमेरिकेत २०२४ मध्ये गाठीतल्याच टी-पेशी बाहेर काढून, वाढवून परत देण्याला मान्यता मिळाली आहे. इथे पेशींची संख्या वाढवतात हे खरे, पण ती ओळख पटलेल्यांची. परदेशी औषधाची किंमत ऐकून उसासे टाकणे आणि घरच्या चूर्णाचा अभिमान बाळगणे, या दोहोंखेरीज तिसरी एक वाट आहे. ती म्हणजे आपल्याच देशात, आपल्याच रोग्यांवर, आपल्याच खिशाला झेपेल असे प्रामाणिक संशोधन. आपल्या विद्यार्थ्यांनी ती वाट धरावी अशी माझी इच्छा आहे. लांगरहान्सला एकवीस वर्षे पुरली होती.

तोवर आज करण्यासारखे एक काम सांगतो. त्याला पैसा लागत नाही. आपल्यापैकी बहुतेकांची मुळे शेतावरच्या घरात आहेत. सुटीत घरी जाल तेव्हा आजोबांचे, आजीचे, मामांचे तळवे उजेडात पाहा. पसरत चाललेला काळा डाग, वेड्यावाकड्या कडा, एकाच डागात दोन-तीन रंग, नखाखाली रुंद होत जाणारी काळी रेघ, महिना उलटूनही न भरणारी जखम, यांपैकी काही दिसले तर बिब्बा घालू देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. बहुतेक वेळा ते खरोखरच कुरूप निघेल, आणि डॉक्टर हसून परत पाठवतील. पाठवू देत. हा रोग फक्त टाचेवर असताना पकडला, तर साध्या शस्त्रक्रियेने माणूस बरा होऊ शकतो, आणि वर सांगितलेल्या कुठल्याही महागड्या औषधाची गरज पडत नाही.

आणि पुढच्या वर्षी वर्गात तो प्रश्न पुन्हा आला, की मी उत्तराऐवजी उलटा प्रश्न विचारणार आहे: "घरच्यांचे तळवे पाहिलेस का?"